गाठ नव्हती

दोन वर्षांपूर्वी, दिवाळीनंतरच्या आठवड्यात, नगर शहराच्या सावेडी भागातल्या एका खासगी रुग्णालयात माझ्या धाकट्या बहिणीवर एकाच वेळी दोन शस्त्रक्रिया झाल्या. दोन्ही स्तनांत सिलिकॉनचे इम्प्लांट बसवले गेले आणि स्तनाग्रांभोवतीचा काळसर भाग, ज्याला डॉक्टर एरिओला म्हणतात, कडेने कापून लहान करण्यात आला. रक्तस्राव बेताचा झाला. भूल व्यवस्थित उतरली. दोन्ही शस्त्रक्रिया यशस्वी ठरल्या.

तिला कोणताही आजार नव्हता.

बहीण तेव्हा सत्तावीस वर्षांची होती. पाथर्डी तालुक्यातल्या एका गावात तिला दिलेली होती. सासरे ऊसतोडीचे मुकादम. दसरा झाला की टोळ्या घेऊन ते कारखान्यावर जात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी पट्टा पडला, म्हणजे तोडणीचा हंगाम संपला, की परतत. नवरा एकुलता एक, पाथर्डीत त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. घरी सासू, दोन म्हशी आणि बहिणीची तीन वर्षांची मुलगी. मी सावेडीत आईबरोबर राहत होते आणि शहरातल्या एका दैनिकात उपसंपादक होते. वडील पूर्वीच गेले.

शस्त्रक्रियेचा विषय प्रथम निघाला तो त्या वर्षीच्या श्रावणात. बहीण माहेरपणाला आली होती. पाइपलाइन रस्त्यावरच्या एका शिंपीणबाईकडे ब्लाउजचं माप द्यायला आम्ही गेलो. बाईंनी टेप लावला, सैल केला, पुन्हा लावला आणि सहज विचारलं, "कप टाकू का ताई आतून? फिटिंग बसेल." बहीण हो म्हणाली. स्कूटरवर मागे बसली. आम्ही घरी आलो. जिना चढताना म्हणाली, "ताई, हेही तेच म्हणतात."

मग तिने सांगितलं. मुलीला तिने दोन वर्षं अंगावर पाजलं होतं. दूध तुटलं तशी छाती उतरली आणि बोंडांभोवतीचा काळा भाग पसरलेला तसाच राहिला. नवरा त्याला बशा म्हणायचा. "कप गेले, बशा ऱ्हायल्या." पहिल्यांदा हे खोलीत म्हणाला होता. नंतर एकदा घरात पाहुणे असताना, ती चहा घेऊन बाहेर आली तेव्हा म्हणाला, "आमच्यात बशी मोठी हाय, कप बारका." पाहुणे हसले. त्यांना काही कळलं नव्हतं. तिला कळलं होतं, आणि तिला कळलंय हे त्याला.

"तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? साखर कमी झाली का विचारलं."

तिने आरशाकडे पाठ करून कपडे बदलायला सुरुवात केली, त्याला तेव्हा वर्ष होऊन गेलं होतं. हे मात्र नवऱ्याच्या सांगण्यावरून नव्हतं. तिच्या शब्दांत, "ते बोलले नसते तरी मला दिसतच होतं की."

असं काही ऑपरेशन असतं, हे नवऱ्याने मोबाईलवर पाहिलं होतं. दवाखाना त्यानेच शोधला. खर्चही त्यानेच केला. पहिल्या भेटीला तो, बहीण आणि मी असे तिघं गेलो.

डॉक्टर पन्नाशीच्या बाई होत्या, मोजकं बोलणाऱ्या. तपासून झाल्यावर त्यांनी बहिणीला समोर बसवलं.

"पाजल्यानंतर हे होतं. तुमचं काही चुकलेलं नाही. नुसतं इम्प्लांट घातलं तर कातडी ताणली जाते आणि हा काळा भाग आणखी पसरतो. नुसता तो कमी केला तर छाती अजून चपटी दिसते. म्हणून दोन्ही एकत्र करू. कापायचंही एकाच ठिकाणी, काळ्या भागाच्या कडेने. पण एक ऐका. आतून इम्प्लांट बाहेर ढकलणार, आणि बाहेरून आपण टाक्याने आवळून धरणार, नाडी ओढतो तसं. सगळी ओढ त्या एका टाक्यावर येते. पुढे तो सैल पडू शकतो, भाग थोडा परत पसरू शकतो. व्रण राहतो. काही जणींना तिथला स्पर्श कळेनासा होतो. आणि पुढचं मूल झालं तर त्याला पाजता येईलच, असं मी सांगणार नाही."

बहिणीने विचारलं, "हात कधी वर करता येईल?"

नवऱ्याने विचारलं, "भायेरून कळंल का, केलंय म्हनून?"

डॉक्टरांनी ड्रॉवरमधून स्टीलच्या गोल कड्या काढल्या, लहानमोठ्या. नवा घेर कातडीवर आखायला त्या वापरतात. टेबलावर ओळीने ठेवल्या. "साधारण केवढा हवा, अंदाज येतो," म्हणाल्या.

नवऱ्याने सर्वांत लहान कडीवर बोट ठेवलं. "ही."

"मी पेशंटला विचारतेय."

"तिला काय कळतंय त्यातलं, म्याडम."

बहिणीने त्याच्याकडे पाहिलं आणि त्याच कडीवर बोट ठेवलं. डॉक्टर म्हणाल्या, एवढी लहान अंगाला शोभणार नाही, मधली घेऊ. तो "तुमी म्हनता तर" म्हणाला आणि दुकानातून फोन आला म्हणून बाहेर गेला.

वेळ दिवाळीनंतरची ठरली. सासरे आणि गावातली निम्मी माणसं तेव्हा कारखान्यावर असतात. घरी फक्त सासू असणार होती. महिनाभर वजन उचलायचं नाही, हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, म्हणून बहीण आमच्याकडे राहणार आणि मुलगी आजीजवळ. एवढ्या मोठ्या मुक्कामाला कारण हवं होतं. ते आमच्या स्वयंपाकघरात ठरलं. बहीण ओट्याला टेकून उभी होती आणि आई मेथी निवडत होती.

"पिशवीचं सांगू," बहीण म्हणाली. "पिशवी म्हटलं की कुणी पुढं विचारत नाही."

हे खरं होतं. ऊसतोडीच्या त्या पट्ट्यात बाईने गर्भपिशवी काढून घेतली ही बातमीच नसते. कोयत्यावर जाणाऱ्या बायका पाळीत खाडे पडू नयेत म्हणूनही काढून टाकतात. शेजारीण विचारते ती एवढंच, की कुठे केलं.

"येडी का खुळी तू?" आई म्हणाली. "पिशवी काढली म्हनल्यावर पोरगं कुठून हुनार? उद्याच्याला दुसरी बघतील त्याला."

"मग अपेंडिक्स."

"त्याला महिनाभर माहेरी कोन ऱ्हातंय? आन् हात वर करायचा न्हाई म्हनलीय डाक्टरीन. पोट कापल्यावर हात का दुखंल?" आईने काड्या बाजूला सारल्या. "गाठ म्हनायचं. छातीत बारीक गाठ हुती, काढली. माझ्या चुलतीला झाल्ती. म्हातारी होऊन मेली ती, गाठीनं न्हाई मेली."

मी म्हणाले, छातीत गाठ म्हटलं की लोक कॅन्सर ऐकतात.

"साधी म्हनायचं की. साधी गाठ."

आईने जावयाला फोन लावला. त्याला पटलं. आपल्या आईला त्यानेच सांगितलं. तो सावेडीत आमच्या गॅलरीत उभा राहून बोलला, म्हणून ते शब्द मी ऐकले आहेत. "छातीत गाठ निघाली हाय, आये. साधीच हाय म्हनत्यात. काढून टाकू."

शस्त्रक्रियेच्या सकाळी डॉक्टरांनी बहिणीला उभं करून छातीवर जांभळ्या पेनाने खुणा केल्या. आडवं झाल्यावर सगळं सरकतं, म्हणून खुणा उभ्यानेच करतात. बहीण समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहिली. दुपारी तिला खोलीत आणलं. शुद्धीवर आल्यावर तिने पाणी मागितलं आणि मुलगी जेवली का, ते विचारलं.

पुढचे दिवस साधे गेले. केस आईने विंचरले. मुलीशी व्हिडिओ कॉल व्हायचा. मुलगी मोबाईल म्हशीकडे धरायची आणि बराच वेळ स्क्रीनवर म्हैसच दिसायची. पट्ट्या निघाल्या त्या दिवशी घरी आल्यावर बहीण न्हाणीघराच्या आरशासमोर उभी राहिली. दार लावलेलं नव्हतं.

"ताई, ये ना. बघ."

व्रण लाल होते, टाक्यांभोवती चुण्या होत्या. घेर लहान आणि सारखा होता.

"लग्नाआधी असंच होतं का गं माझं?"

"मला काय माहीत."

"मला पण आठवत नाही," ती म्हणाली आणि हसू लागली. हसल्यावर टाके ओढले गेले म्हणून छातीवर हात धरून हसली. संध्याकाळी ओढणी न घेता गॅलरीत उभी राहून तिने खाली जाणाऱ्या भाजीच्या गाडीवाल्याला थांबवलं. या शस्त्रक्रियेबद्दल ती आनंदात होती, असा मी पाहिलेला दिवस तो एक.

स्पर्श कळत नव्हता. डॉक्टर म्हणाल्या, वाट पाहू.

नवरा रविवारी आला. तो गेल्यावर मी विचारलं, काय म्हणाले? "टाके लई दिसत्यात म्हणाले. मग भारी हाय म्हणाले. मग बस पकडायची होती."

महिन्याने ती सासरी गेली. पुढे तिथे काय झालं, ते बहिणीने मला फोनवर वेळोवेळी सांगितलं. त्यातला बराच भाग नंतर सासूबाईंच्या बोलण्यातूनही आला. दोघींच्या सांगण्यात फरक नाही.

पहिल्याच दिवशी सासूची नजर छातीवर गेली.

"गाठ काढली म्हनता, मंग सूज कशाची ही?"

"उतरेल, आत्या. वेळ लागतो म्हणाल्यात."

सूज उतरली नाही, कारण ती सूज नव्हती. बहीण नवऱ्याचा शर्ट ड्रेसवर घालू लागली. शर्ट घातला की लपवतेय हे अधिक दिसायचं. शेजारची बाई दळण घ्यायला आली आणि सासूला बाजूला घेऊन म्हणाली, "आतून पानी भरलं आसंल. दोन्ही अंगाला हाय. एकात आसती तर येगळं." सासू वाईट बाई नव्हती. तिने हळदीचा काढा दिला. मढीच्या देवळात जाऊन नाथाला नवस बोलून आली. म्हशीची धार स्वतः काढू लागली, पाण्याचा हंडा सुनेला उचलू दिला नाही. फक्त मुलीला तिच्याजवळ निजू देईना.

"उराशी घिऊ नको लेकराला. आतलं इख लागंल तिला."

"आत्या, असं काही नसतं."

"नसंल. पन लेकरू एकच हाय ना आपल्याला?"

मुलगी आजीच्या गोधडीत निजू लागली. आधी रात्री रडली, मग सवय झाली. दिवसा आईच्या मांडीवर बसायची, पण टेकायची नाही. आजीने टेकू नको म्हणून सांगितलं होतं.

सासूने सासऱ्यांना फोन केला. फोन कारखान्याच्या तळावर, कोप्यांमध्ये, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपड्यांत घेतला गेला. तिथे गावची सगळी माणसं असतात. ऊस तोडताना बोलायला दुसरं फार काही नसतं. जाताना बातमी अशी होती, की मुकादमाच्या सुनेच्या छातीतली बारीक गाठ काढली. पट्टा पडला, गाड्या परत आल्या, तेव्हा माणसांबरोबर बातमीही परतली. तोवर तिच्यात कॅन्सर होता, एका बाजूचा काढला होता, दुसऱ्या बाजूला गेला होता आणि डॉक्टरांनी वर्ष सांगितलं होतं. शेवटचं कुणी घातलं ते कळलं नाही. वर्तमानपत्रात अशी चूक झाली तर दुसऱ्या दिवशी आत कुठेतरी चार ओळींचा खुलासा छापतात. गावात तशी जागा नाही.

सासऱ्यांनी सुनेला समोर बोलावलं नाही. मुलाकडून निरोप दिला, नगरला आपल्या ओळखीचा मोठा डॉक्टर आहे, त्याला दाखवू, खर्चाकडे बघायचं नाही. चांगला निरोप होता. बहिणीने नकार दिला. कोणत्याही डॉक्टरने हात लावला असता, व्रण पाहिले असते, की काय केलं आहे ते पहिल्याच मिनिटाला कळलं असतं. तिने नको म्हटल्यावर घरात कुणी आवाज चढवला नाही. सासरे फक्त म्हणाले, "म्हंजी खरंच हाय."

त्या दिवशी बहिणीने नवऱ्याला खोलीत गाठलं. हे संभाषण तिने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्याने ते नंतर कधी नाकारलेलं नाही.

"तुम्ही सांगा ना. गावाला नको. नुसतं तुमच्या वडिलांना सांगा."

"काय सांगू? बायकोची छाती भरून आनली म्हनून सांगू? मुकादमाच्या घरात?"

"मग मी काय कॅन्सरची म्हणून राहू?"

"थोडे दिवस म्हनू दे की. कॅन्सरला कोन हसत न्हाई."

चैत्रात तिला आरामासाठी म्हणून आमच्याकडे पाठवलं. मुलीला बरोबर दिलं नाही. तिची पातळं, ट्रंक आणि लग्नातली भांडी मागाहून जीपने आली. भांडी आली तेव्हा आई पहिल्यांदा घाबरली. तिने आपल्या भावाला, आमच्या मामाला बोलावलं. मामाने सासरी फोन केला. बैठक ठरली.

बैठकीला मामा, आई, बहीण आणि मी गेलो. मामाला खरं माहीत नव्हतं. त्यालाही गाठच सांगितलेली होती. एसटीत बहीण माझ्या शेजारी बसली होती. करंजीचा घाट चढत असताना म्हणाली, "ताई, तू काही बोलायचं नाही."

"बोलले तर काय होईल?"

"तू बोललीस तर मी छाती करून आलेली बाई होईन. ते बोलले तर त्यांच्या सांगण्यावरून केलं, असं होईल. त्यांनी सांगितलं तरच मला परत त्या घरात जाता येईल. नाहीतर नाही." मग म्हणाली, "तिला त्या घरात मोठं व्हायचंय."

मी कबूल केलं.

बैठक घरापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये झाली. सासरे, त्यांचे भाऊबंद, गावातली दोन वयस्कर माणसं आणि नवरा. त्यांच्या घरच्या बायका दाराच्या आत. मुलगी दिसली नाही. ती आजीच्या बहिणीकडे गेल्याचं सांगितलं. चहा आला. सगळ्यांना कपबशी होती. बहिणीला कागदी कप दिला.

वयस्करांपैकी एकाने सुरुवात केली. "हे बघा पाव्हनं. आजार कुनाच्या हातात नसतोय. पोरीचा दोष न्हाई, आमी तसं म्हनत पन न्हाई. पन पोराचं वय काय? त्याच्याम्होरं सारा जल्म हाय."

मामा तापला. "कॅन्सर न्हाई तिला! साधी गाठ हुती. काढलीय. पोरगी ठणठणीत हाय, तुमच्यासमोर बसलीय."

"मंग चला की डाक्टरकडं. आत्ता. गाडी हाय दारात. डाक्टरनं न्हाई म्हनून सांगितलं तर मी सोता तिचं पाय धुतो."

मामाने आईकडे पाहिलं. आई जमिनीकडे पाहत होती. मामाने बहिणीकडे पाहिलं. "चल की गं. काय भ्यायचंय त्यात?"

बहीण नवऱ्याकडे पाहत होती. तो हातातल्या मोबाईलच्या काचेवरचा स्क्रीनगार्ड नखाने सोलत होता. कोपरा निघाला की पुन्हा चिकटवायचा.

"न्हाई जायचं मला," बहीण म्हणाली.

आत सासू रडत असल्याचा आवाज येत होता. मामाने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

मग बहिणीने, सगळ्यांसमोर, नवऱ्याला थेट विचारलं. त्या घरात सुनेने सासऱ्यादेखत नवऱ्याशी बोलायची रीत नाही. "तुम्हाला काय म्हणायचंय?"

त्याने मान वर केली नाही. "दादा म्हनतील तसं."

दादा म्हणजे त्याचे वडील. त्यांनी काही म्हटलं नाही, वयस्करांनी म्हटलं. फारकत व्हावी. दोन्हीकडून राजीखुशी. बाईचं औषधपाणी माहेरच्यांनी करावं. लेकरू बापाकडे राहील, आजारी माणसाजवळ ठेवू नये. बरी झाली तर पुन्हा बसून विचार करू.

स्टॅम्पपेपर तयार होता. मी एवढंच सांगितलं, की अशा फारकतीला कायद्यात किंमत नाही. "कायदा तकडं नगरला, ताई," वयस्कर म्हणाले. रागाने नाही, माहिती दिल्यासारखं. बहिणीने सही केली. निघताना सासूने तिची ओटी भरली. नारळ ओटीत घालताना हात अंगाला लागणार नाही, याची काळजी तिने घेतली, आणि घेते आहे हे लपवायचा प्रयत्नही केला.

मामाला आईने परतीच्या एसटीत खरं सांगितलं. तो पाथर्डीच्या स्टँडवर उतरला आणि दुसऱ्या बसने आपल्या गावी गेला. आमच्याकडे तो त्यानंतर आलेला नाही.

पावसाळ्यात मी बहिणीला ओळखीच्या वकीलबाईंकडे नेलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मुलीचा ताबा मागता येईल, म्हणाल्या, आणि मिळण्यासारखा आहे. "समोरचे आजाराचा मुद्दा काढणार. मग तपासणी होईल. आजार नाही, हे सिद्ध होईल. काय केलं होतं, तेही रेकॉर्डवर येईल. नवऱ्याला पिंजऱ्यात विचारू, कुणाच्या सांगण्यावरून केलं. तयारी आहे का?"

"गावात कळेल?"

"कोर्टातली गोष्ट आहे. कळणारच."

"निकाल लागेपर्यंत मुलगी तिथल्याच शाळेत जाईल," बहीण म्हणाली. वकीलबाईंना आधी कळलं नाही. मग त्यांनी पेन खाली ठेवलं. दावा दाखल झाला नाही.

त्यानंतरच्या तपासणीत बहिणीने डॉक्टरांना विचारलं, "हे काढता येईल का?"

"येईल. पण पहिल्यासारखं होणार नाही. कातडी आता ताणली गेलीय, ती लोंबेल."

घरी येऊन तिने आईला सांगितलं, काढून टाकते, मग गावाला सूज उतरलेली दिसेल, बरी झाले म्हणता येईल. "बरी झाली आसं कुनी न्हाई म्हनायचं," आई म्हणाली. "म्हनतील, आता दोन्ही कापली."

काढायचा विषय पुन्हा निघाला नाही. उजव्या बाजूचा स्पर्श परत आला. डाव्या बाजूचा आला नाही. डाव्या बाजूचा टाका सैल पडून घेर काहीसा पसरला आहे. डॉक्टरांनी तो जागेवर भूल देऊन दुरुस्त करता येईल असं सांगितलं. बहीण नको म्हणाली. ती आता सावेडीत कपड्यांच्या एका दुकानात, लहान मुलांच्या विभागात कामाला आहे. आरशाकडे पाठ करून कपडे बदलते.

बैठकीनंतर तिने मुलीला दोनदा पाहिलं, दोन्ही वेळा लांबून. फोन सासू उचलायची, मुलीला द्यायची. मुलगी "जेवलीस का" विचारायची आणि म्हैस व्याल्याचं वगैरे सांगायची. एकदा तिने विचारलं, "आई, तुला हात लावला तर मला पन होतंय का?" बहीण नाही म्हणाली. पलीकडून कुणीतरी फोन घेतला. पुढे नंबर लागेनासा झाला.

गेल्या दिवाळीला बहिणीने आपल्या दुकानातून एक फ्रॉक घेतला. पिवळा, गळ्याशी पांढरी झालर असलेला. मुलीचं माप तिला माहीत नव्हतं. दुकानात येणाऱ्या त्या वयाच्या मुलींना पाहून तिने अंदाज बांधला. नगर-पाथर्डी जीप चालवणाऱ्या एका ओळखीच्या ड्रायव्हरबरोबर पिशवी पाठवली. ड्रायव्हर म्हणाला, म्हातारीच्या हातात दिली. घेतली का, घातला का, हे त्याला सांगता आलं नाही. बहीण महिनाभर त्याला विचारत राहिली. मग तो दुसऱ्या मार्गावर जीप चालवू लागला.

यंदा वैशाखात नवऱ्याचं दुसरं लग्न झालं. गावाकडच्या एका ओळखीच्या माणसाने मला लग्नातला फोटो मोबाईलवर पाठवला. तो लग्नाचाच आहे, हे मी आणखी एकाकडून खात्री करून घेतलं. मधे नवरा आणि नवी बायको, एका बाजूला सासरे फेट्यात, दुसऱ्या बाजूला सासू. सासूच्या पुढे मुलगी उभी आहे. अंगात पिवळा फ्रॉक, गळ्याशी पांढरी झालर. फ्रॉक तिला गुडघ्याच्या बराच वर आला आहे.